कढीपत्त्यावरच्या अळ्या, मंडईतली जुडी आणि फवारणी : फुलपाखरं नेमकी कशानं कमी होताहेत?

मृण्मयी_प | ७ सप्टेंबर, रात्री १०:४२

गेल्या आठवड्यात आमच्या घरी जे झालं ते आधी सांगते, प्रश्न नंतर.

गच्चीतल्या कढीपत्त्यावर फुलपाखराच्या सहा अळ्या आल्या होत्या. आधी पक्ष्याची शीट पडल्यासारख्या काळ्या-पांढऱ्या, मग कात टाकत टाकत हिरव्यागार. लेक सात वर्षांची, तिनं सगळ्यांची बारशी केली. बोट लावलं की डोक्यामागून नारिंगी शिंगं काढून उग्र वास सोडायची ती रागोबा, सगळ्यात जाड ती लाडूबाई. कुंडीतलं झाड ते केवढं, पानं कितीशी पुरणार? शनिवारी झाड बोडकं झालं. मी मंडईतून कढीपत्त्याची जुडी आणली, दोनदा धुतली, पुसून त्यांच्यापुढे ठेवली.

तास-दीड तासात लाडूबाईनं हिरवं पाणी ओकलं. मग एकेक करत बाकीच्या अंग आक्रसून, पिळवटून खाली पडल्या. सकाळी एकच जिवंत होती, सगळ्यात लहान, जी अजून जुन्या काडीवरच बसून होती. लेक दिवसभर बोलली नाही. आणि माझ्या मनातून जात नाही ती गोष्ट अशी की, त्याच जुडीतली उरलेली पानं मी पोह्यांच्या फोडणीत घातली होती.

माझं माहेर काटोलजवळ, संत्र्याचं गाव. लहानपणी मृगाचा पाऊस पडला की बैलगाडीच्या चाकोरीत साचलेल्या ओलीवर पिवळी फुलपाखरं थव्यानं बसायची; आम्ही पळत गेलो की सगळा थवा एकदम उठायचा. आता जूनमध्ये गेले तेव्हा चाकोरी तीच, ओल तीच, फुलपाखरं मोजून चार.

धुऊनही विष राहिलं कसं? आणि फुलपाखरं कमी होण्यात फवारणीचा वाटा खरंच मोठा आहे, की आपण सगळं खापर तिच्यावर फोडतोय?

तेजू | ७ सप्टेंबर, रात्री ११:०५

लाडूबाई! वाचून वाईट वाटलं. लेकीला सांग, रागोबाचं शिंग आमच्या घरीही सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडच्या अळीचं नाव "मुख्याध्यापक" होतं.

आज्जीचीबाग | ८ सप्टेंबर, सकाळी ६:५०

मृण्मयी, तुझं काही चुकलं नाही गं. मीही एकदा हेच करून बसले आहे. तेव्हापासून नियम : अळीला फक्त आपल्याच हातानं लावलेल्या झाडाचं पान. कढीपत्ता संपला तर लिंबाचं कोवळं पान, नाहीतर बेलाचं. ही अळी लिंबाच्या कुळातलं सगळं खाते. मी श्रावणात बेलाची पानं मागायला ज्या घरी जाते, त्याच घरून अळ्यांसाठीही आणते. ते काका म्हणतात, "महादेवाला तीन, तुमच्या अळीला तेरा!"

आणि नर्सरीतून नवं रोप आणलंस तर निदान दोन-तीन महिने त्याचं पान अळीला देऊ नकोस. रोपं टवटवीत दिसावीत म्हणून त्यांच्या मातीतच औषध घालतात.

कीटकवेल्हाळ | ८ सप्टेंबर, दुपारी १:२०

धुऊन का गेलं नाही, ते सांगतो. (कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्र शिकवतो, हे आधीच सांगून ठेवतो.)

कीटकनाशकं ढोबळमानानं दोन तऱ्हेची. काही पानावर बसतात आणि अळीच्या अंगाला किंवा तोंडाला लागली की मारतात. ती थोडीफार धुतली जातात. दुसरी आंतरप्रवाही. ती पानातून किंवा मुळातून झाडात शिरतात आणि रसाबरोबर सगळीकडे फिरतात : पान, देठ, फुलातला मध, परागकण. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही निओनिकोटिनॉइड गटातली औषधं याच जातीची. नळाखाली धरून पानाच्या आतलं विष कसं निघेल?

ओकारी आणि पिळवटणं हे वर्णन मज्जासंस्थेवर काम करणाऱ्या औषधाशी जुळतं. निओनिकोटिनॉइड कीटकाच्या मज्जातंतूंमधल्या निरोप्याची जागा अडवून बसतं, मग तिथला संदेश थांबतच नाही. आपल्या शरीरात ते त्या जागी इतकं घट्ट चिकटत नाही, म्हणून पोह्यांनी कुणी आजारी पडलं नाही. अळीचं वजन मात्र दोन ग्रॅमही नाही, आणि ती दिवसभर दुसरं काही न खाता फक्त तेच पान खाते. हे विसरू नका.

फुलपाखराचा खरा धोका इथं आहे. फुलांवर बागडणारं फुलपाखरू आपल्या डोळ्यापुढे असतं, पण त्याच्या आयुष्याचा वाढीचा सगळा काळ ते पान खाणारी अळी असतं. पान खाणाऱ्या अळीला मारायला बनवलेल्या औषधाला बोंडअळी कोणती आणि लाडूबाई कोणती, हे कळायचा मार्गच नाही.

वरूडचा_बाळू | ८ सप्टेंबर, रात्री ९:१५

ताई, काटोल म्हणजे आपण शेजारीच. लेकराचं वाईट वाटलं. पण आता शेतकऱ्याचंही ऐका.

तुमची लाडूबाई आमच्याकडे "पानं खानारी अळी" आहे. संत्र्याचं नवं कलम लावलं, नवती फुटली, की थे फुलपाखरू एकेक अंडं ठेवत फिरते. आठ दिवसानं पाहाव त निस्त्या काड्या. मी चारशे कलमं लावली होती, त्यातली साठेक तिनं बसवली. वरून सायला, नागअळी, फळमाशी. हे सारं सोसून फळ आलं त भाव नाही. मंग मी फुलपाखराची काळजी करू का बॅंकेच्या हप्त्याची? फवारणी कोनी हौसेनं नाही करत. पाठीवर पंप घेऊन चार एकर फिरून पाहा एखाद्यानं.

मृण्मयी_प | ८ सप्टेंबर, रात्री ९:४८

बाळूदादा, माझे वडील तेच करायचे. त्यांच्या शर्टाचा वास मला आजही आठवतो. मी दोष द्यायला धागा काढला नाही, खरंच समजून घ्यायचं आहे.

शंकासुर | ९ सप्टेंबर, सकाळी १०:३०

नावाला जागून शंका काढतो. "लहानपणी खूप होती, आता नाहीत" हा पुरावा नाही. लहानपणी आपण जमिनीच्या जवळ असतो, सुट्टीत असतो, आणि आठवणीत नेहमी थवाच राहतो. फुलपाखरं कमी व्हायला दहा कारणं आहेत : बांध कोरले, कुंपणाची झुडपं गेली, तणनाशक आलं, पाऊस लांबला, गावाला लागून प्लॉट पडले. यातून फवारणीचा वाटा वेगळा काढून दाखवलाय का कुणी? ब्रिटनमध्ये १९७६ पासून ठरलेल्या वाटेवर दर आठवड्याला फुलपाखरं मोजतात. आपल्याकडे अशी पन्नास वर्षांची मोजणी कुठे आहे?

अमोघ_सॅक्रामेंटो | ९ सप्टेंबर, रात्री ११:५५

शंकासुर, तुमच्या प्रश्नाचं थोडं उत्तर माझ्या घरामागे आहे, म्हणून मुद्दाम लिहितो.

इथल्या (कॅलिफोर्नियातल्या) डेव्हिस विद्यापीठातले आर्थर शपिरो १९७२ पासून ठरलेल्या जागी साधारण दर पंधरा दिवसांनी चालत जातात आणि दिसलेल्या फुलपाखरांची नोंद करतात. त्यांची एक गमतीची प्रथा : वर्षातलं पहिलं कोबीवरचं पांढरं फुलपाखरू जो पकडून आणेल त्याला बिअरचा जग. बहुतेक वर्षी ते स्वतःच जिंकतात.

त्या नोंदींतल्या सखल भागातल्या चार जागा घेऊन २०१६ मध्ये मॅथ्यू फॉरिस्टर आणि सहकाऱ्यांनी शोधनिबंध लिहिला. कॅलिफोर्नियात निओनिकोटिनॉइडचा वापर १९९५ च्या सुमारास सुरू झाला, आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून या जागांवरची घसरण ठळक होत गेली. जमिनीचा बदलता वापर आणि हवामान हिशेबात धरूनही हा संबंध उरला. आणि ज्या जाती अंगानं लहान, ज्यांच्या वर्षाला पिढ्या कमी, त्यांना फटका जास्त. त्याच गटाशी संबंधित लोकांनी पुढे मोनार्क फुलपाखराच्या अळीचं खाद्य असलेलं मिल्कवीड (आपल्या रुईचं भावंड) इथल्या सेंट्रल व्हॅलीतून गोळा केलं. २२७ नमुने तपासले, एकही स्वच्छ निघाला नाही. एकूण ६४ रसायनं. शेतातलीच नव्हेत, संरक्षित अधिवासातली आणि घरच्या बागांतली पानंसुद्धा. त्यातलं क्लोरँट्रानिलीप्रोल हे कीटकनाशक ९१ टक्के नमुन्यांत सापडलं.

जानेवारी २०२४ मध्ये इथल्या किनाऱ्यावरच्या पॅसिफिक ग्रोव्ह गावी हिवाळी मुक्कामाच्या झाडांपाशी शेकडो मोनार्क मेलेली आणि तडफडत असलेली सापडली. त्यांची तपासणी झाली तेव्हा एका फुलपाखरात सरासरी सात कीडनाशकं निघाली, त्यात सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं जीव घेण्याइतकी. आसपास शेतं नाहीत, घरं आणि बागा आहेत. मी मुलाला घेऊन त्या झाडांपाशी पूर्वी गेलो होतो. फांदी म्हणजे नुसती सुकलेल्या पानांची वाटावी, आणि ऊन पडलं की सगळी पानं उघडावीत. तिथून आलेल्या बातमीतले फोटो मी त्याला दाखवले नाहीत.

शंकासुर | १० सप्टेंबर, सकाळी ९:१०

अमोघ, हे ठोस आहे, मान्य. तरी चार जागांवरून सगळं ठरवू नये. दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या तर एक दुसरीचं कारण आहे असं वाटायला लागतं.

कीटकवेल्हाळ | १० सप्टेंबर, दुपारी २:०५

हा आक्षेप रास्तच आहे, आणि त्यावर २०२४ मध्ये एक मोठं काम आलं. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या पाच राज्यांतले ८१ जिल्हे, १९९८ ते २०१४ चा काळ. कीटकनाशक, तणनाशक, जमिनीचा वापर आणि हवामान या सगळ्यांना एकमेकांशेजारी ठेवून पाहिलं. संशोधकांसकट सगळ्यांची अपेक्षा होती की तणनाशक पहिलं येईल, कारण मोनार्कची गोष्ट आजवर ग्लायफोसेट या तणनाशकानं मिल्कवीड मारलं अशीच सांगितली गेली. निघालं उलटं. घसरणीशी सगळ्यात घट्ट नातं कीटकनाशकांचं, आणि त्यातही बियाण्यावर चोळून येणाऱ्या निओनिकोटिनॉइडचं.

बियाण्याचा मुद्दा आपल्या लोकांनी नीट समजून घ्यावा. कपाशीचं पाकीट फोडलं की सरकी रंगीत दिसते ना? तो रंग औषधाच्या लेपाचा. म्हणजे कीड येईल की नाही हे कळायच्या आधीच औषध मातीत गेलेलं असतं. त्यातलं थोडंच रोप उचलतं, साधारण पाच टक्के धरतात. उरलेलं माती आणि पाण्याबरोबर धुऱ्यावरच्या तरोट्यात, रुईत, एरंडीत जातं. तरोट्यावर पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या, रुईवर प्लेन टायगरच्या, एरंडीवर कॅस्टरच्या. मृण्मयी, तुमच्या चाकोरीतले ते पिवळे थवे याच तरोट्या-बहाव्यावर वाढलेले असणार.

आणि सगळंच मरून दिसतं असंही नाही. कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराच्या अळ्यांना इमिडाक्लोप्रिडचे अगदी कमी अंश देऊन पाहिले तर फुलपाखरं निघाली, पण आकारानं लहान. लहान मादी अंडी कमी घालते. असं मरण मोजायला कुणी जात नाही.

दापोलीकर | १० सप्टेंबर, सायं. ६:३०

कोकणातलं सांगतो. आमच्याकडे आंब्याला पालवीपासून मोहोरापर्यंत ठरलेल्या टप्प्यांनी फवारणी होते, तुडतुड्यांसाठी. त्याच आंब्यावर बांडगूळ असतं. त्या बांडगुळावर हळदीकुंकू फुलपाखराच्या (जेझेबेल) अळ्या वीस-पंचवीसच्या घोळक्यानं राहतात, पंगतीला बसल्यासारख्या एका रांगेत पान खातात. आंब्याला त्यांचा काडीचा त्रास नाही, उलट बांडगूळ खाऊन त्या झाडाचं भलंच करतात. पण नळी फिरते तेव्हा तुषार तुडतुड्यावरही पडतो आणि या पंगतीवरही.

आमच्या परसातल्या रायवळ आंब्याला आजोबांनी कधी औषध मारू दिलं नाही. डिसेंबरात त्या एका झाडाभोवती हळदीकुंकू फिरत असतं. शंभर पावलांवरच्या कलमांच्या बागेत मला गेल्या वर्षी एकही दिसलं नाही. शंकासुर म्हणतील एका झाडानं काय ठरतं. ठरत नसेल. मला रोज दिसतं ते लिहिलं.

शंकासुर | १० सप्टेंबर, सायं. ७:१५

नाही म्हणणार. असं शेजारी-शेजारी ठेवलेलं निरीक्षणच मला हवं होतं. तारखा लिहून ठेवा फक्त.

बागेश्री_सेंद्रिय | ११ सप्टेंबर, सकाळी ८:००

म्हणूनच सांगते, रासायनिक सोडा. निंबोळी अर्क, दशपर्णी, बीटी पावडर वापरा. फुलपाखरांना काही होत नाही.

कीटकवेल्हाळ | ११ सप्टेंबर, दुपारी १२:४०

बागेश्रीताई, इथं मी नम्रपणे पण ठामपणे असहमत आहे. निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन अळीची कात टाकण्याची क्रियाच बिघडवतं. बीटीची पावडर (बॅसिलस थुरिंजेन्सिस) पतंग-फुलपाखरांच्या अळ्यांच्या पोटात जाऊन आतडं फोडते, आणि ती नेमकी याच गटासाठी बनवलेली असते. माणसाला, मातीला, मधमाशीला ती पुष्कळ सौम्य आहेत आणि लवकर विघटित होतात, म्हणून मी स्वतः ती सुचवतो. पण ज्या पानावर लाडूबाई बसली आहे त्या पानावर दशपर्णी मारली तरी ती जाणारच.

डब्यावरच्या रंगीत त्रिकोणाबद्दलही हेच. लाल, पिवळा, निळा, हिरवा ही उतरंड सस्तन प्राण्यांवरच्या विषारीपणावरून ठरते. अमोघनी सांगितलेलं क्लोरँट्रानिलीप्रोल हिरव्या त्रिकोणात येतं. माणसासाठी ती फार चांगली गोष्ट आहे. अळीच्या स्नायूंवर ते इतकं नेमकं काम करतं की काही तासांत तिचं खाणं थांबतं. आपल्याकडे बोंडअळीला, तुरीच्या शेंगअळीला, मक्याच्या लष्करी अळीला तेच जातं. हिरवा त्रिकोण दिसला की लोक धुऱ्यापर्यंत मोकळ्या हातानं मारतात.

बागेश्री_सेंद्रिय | ११ सप्टेंबर, दुपारी १:३०

हे मला माहीत नव्हतं. मी अळ्या दिसल्या की निंबोळी अर्क मारत होते आणि वर फुलपाखरांसाठी झेंडू लावत होते. आजपासून अर्क फक्त माव्यासाठी, तोही जिथे मावा आहे तिथेच.

तेजू | ११ सप्टेंबर, दुपारी १:४४

मग ज्यात याच बीटीचं जनुक घातलेलं असतं त्या बीटी कपाशीनंही फुलपाखरं मरतात का? आमच्या व्हॉट्सॲप गटावर दर महिन्याला हा मेसेज येतो.

कीटकवेल्हाळ | ११ सप्टेंबर, दुपारी ४:१०

त्या भीतीचं मूळ १९९९ च्या एका प्रयोगात आहे. बीटी मक्याचे पराग शिंपडलेलं मिल्कवीड खाऊन प्रयोगशाळेत मोनार्कच्या अळ्या मेल्या. मग शेतात जाऊन तपासलं आणि २००१ मध्ये निष्कर्ष आला की प्रत्यक्षात पानावर तेवढे पराग साठत नाहीत, धोका अगदी कमी. कपाशीचा पराग तर जड आणि चिकट, फार उडतच नाही. बीटी आल्यावर सुरुवातीला बोंडअळीच्या फवारण्या घटल्याही होत्या. पुढे रसशोषक किडी वाढल्या, गुलाबी बोंडअळी बीटीला पुरून उरली, आणि पंप पुन्हा पाठीवर आला.

यवतमाळची_सई | ११ सप्टेंबर, रात्री १०:२०

कपाशीचा विषय निघाला म्हणून लिहिते, नाहीतर वाचूनच थांबले असते.

२०१७ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो दवाखान्यात होते. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती, म्हणजे नळी वर धरायची आणि तुषार तोंडावर यायचा. दोन-तीन औषधं एकाच टाकीत मिसळलेली. माझा मामेभाऊ त्यातलाच. तीन दिवस त्याला समोरचं माणूस धूसर दिसत होतं. वाचला. आजही तो फवारणीच्या दिवशी जेवत नाही.

आपण याला "औषध" म्हणतो. आजीपासून सगळे तेच म्हणतात, मीही म्हणते. पण मोठा माणूस ज्यानं आडवा झाला, त्याच्या तुषारातून दीड इंचाची अळी वाचेल असं कोणी समजू नये. फुलपाखरू आणि शेतमजूर असे दोन पक्ष मला तरी दिसत नाहीत. दोघं एकाच शेतात उभे होते.

वरूडचा_बाळू | ११ सप्टेंबर, रात्री १०:५५

सई ताई, बरोबर बोलल्या. माह्या गावातलाही एक जन होता.

घाटकोपरची_वीणा | १२ सप्टेंबर, सकाळी ११:३०

शहरातलं विचारू का? आमच्या सोसायटीत पावसाळा सुरू झाला की संध्याकाळी धूरफवारणी. दुसऱ्या दिवशी बागेत प्लेन टायगर, चार-दोन लहान निळी मरून पडलेली मी गोळा केली आहेत. पण माझ्या दिराला गेल्या वर्षी डेंग्यू झाला होता, प्लेटलेट वीस हजारांवर आल्या. त्यामुळे सभेत "धूर नको" म्हणायला तोंड उघडत नाही.

सह्यवाटा | १२ सप्टेंबर, दुपारी ३:१५

वीणाताई, असं मांडून पाहा. धुरानं फक्त उडणारा डास मरतो, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात आणि आठ-दहा दिवसांत नवे डास तयार. डेंग्यूचा डास आपल्याच कुंडीच्या बशीत, टाकीत, टायरात वाढतो. तेव्हा आधी आठवड्यातून एक दिवस सगळी साठवण कोरडी. रुग्ण सापडला आणि पालिकेनं धूर केला तर तो होऊ द्यावा, पण दर शनिवारचा सरसकट धूर कशाला? सूर्य कलला की फुलपाखरं झुडपात पानाखाली मुक्कामाला जातात, आणि धूर नेमका त्याच वेळी त्याच झुडपात मारतात. फ्लोरिडाच्या बेटांवर डासांच्या फवारणीनं दुर्मीळ फुलपाखरं धोक्यात येतात हे दिसल्यावर काही अधिवास फवारणीतून वगळले. तिथेही डास आहेत, आजार आहेत, माणसं राहतात.

शंकासुरांच्या मोजणीच्या प्रश्नावरही : २०२० पासून देशभर सप्टेंबर हा फुलपाखरू महिना म्हणून पाळतात, लोक नोंदी टाकतात. आत्ता चालू आहे. एक वाट ठरवा, अर्धा तास, रोज तीच वेळ. आणि शेतकरी मंडळींनी फवारणीची तारीख शेजारी लिहावी, ते कोणत्याच नोंदवहीत नसतं. २००० ते २०२० मध्ये अमेरिकेत फुलपाखरांची एकूण संख्या २२ टक्क्यांनी घटली, हे मार्च २०२५ मध्ये सांगता आलं ते ७६,००० मोजण्यांमुळे, आणि त्यातल्या पुष्कळशा हौशी लोकांनी केलेल्या.

आपल्याकडे उलटी बाजूही दिसते. ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत ओवळेकर वाडीत राजेंद्र ओवळेकरांनी वडिलोपार्जित जमिनीवर अळ्यांची खाद्यझाडं लावत नेली, विष बंद ठेवलं. शहराच्या कडेला शंभरावर जाती तिथे नोंदल्या गेल्या आहेत. फुलपाखरू परत यायला वेळ लावत नाही, त्याला पान स्वच्छ मिळालं पाहिजे.

शंकासुर | १२ सप्टेंबर, सायं. ५:००

तारीख शेजारी लिहायची कल्पना उत्तम. नाशिकजवळ मेहुण्यांची द्राक्षबाग आहे, तिथे फवारणीची वही निर्यातीसाठी ठेवावीच लागते. बागेच्या कडेची एक वाट मी धरतो. वर्षभरानं इथे येऊन आकडे देईन, ते माझ्या शंकेच्या विरुद्ध गेले तरी.

वरूडचा_बाळू | १९ सप्टेंबर, रात्री ८:३०

आठ दिवस धागा वाचत होतो. वेल्हाळ सर, एक सांगा. मोठ्या झाडाले ह्या अळीसाठी फवारा लागते का?

कीटकवेल्हाळ | १९ सप्टेंबर, रात्री ९:०५

नाही, बाळूभाऊ. पाच-सहा वर्षांच्या झाडाला हिनं खाल्लेली पानं जाणवतही नाहीत. नुकसान नर्सरीत आणि पहिली दोन-तीन वर्षं. तिथेही अळ्या आणि अंडी हातानं वेचणं ही जुनीच शिफारस आहे. कोवळ्या पानावरचं मोहरीएवढं पिवळसर अंडं डोळ्यांना दिसतं. सायल्यासाठी फवारा लागेल तेव्हा लागेल, पण तो सायला मोजून. "अळी दिसली, मार" हा एक फवारा तुमचा वाचतो.

वरूडचा_बाळू | २१ सप्टेंबर, रात्री ९:४०

आज नव्या कलमावर फिरलो. बायको, पोरगं अन् मी, दोन तासात दीडशे झाडं पाहून झाली. सत्तावन अळ्या निघाल्या. पोरगं म्हने मारू नका. मंग आठवलं, विहिरीजवळ जंबेरीची दोन झाडं हायेत. कलमाचा खुंट जंबेरीचाच असते, त्यातलं एक कलम मेलं अन् खालचा खुंट वाढून हे झाड झालं. फळ आंबट, कोनाच्या कामाचं नाही, तोडतो तोडतो म्हनून दहा वर्षं राहिलं. साऱ्या अळ्या त्यावर नेऊन सोडल्या. त्या बाजूनं पंप नेनार नाही.

ताई, पुढच्या वेळी माहेरी याल त लेकीले घेऊन या. काटोलवरून तासाभराचा रस्ता.

मृण्मयी_प | २२ सप्टेंबर, सकाळी ७:१५

बाळूदादा, तुमचा निरोप लेकीला वाचून दाखवला. तिचा पहिला प्रश्न : "सत्तावन्न जणींची नावं कोण ठेवणार?" दिवाळीत येतोय आम्ही.

आणि इकडची बातमी. जी एक वाचली होती, ती आज्जीच्या सांगण्यावरून खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या लिंबावर वाढली. आठ-नऊ दिवस कोषात होती. आज पहाटे साडेपाचला लेकीनं मला हलवून उठवलं. काडीला लटकून ओले पंख सोडत बसली होती, काळ्यावर पिवळे ठिपके, खाली तांबडा डाग. सव्वासहाला उडाली, आधी काकूंच्या लिंबावर, मग भिंतीपलीकडे.

कढीपत्त्याला पुन्हा पालवी आली आहे. मंडईतल्या भाजीवाल्या मावशींना काल विचारलं, हा कुठून येतो, त्यावर काय मारतात? त्या म्हणाल्या, "अगं, आजवर कोणी विचारलंच नाही. आणणाऱ्याला विचारून सांगते." शुक्रवारी जाणार आहे परत.